न्हाणीघरातला वाकडा पाइप

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण नदीवरनं शेतात पाइपलाइन आणायची म्हटलं, की मांडवगण फराट्याच्या बाजूचे लोक अजून आधी माझ्या दारात येतात. कुठं चढ, कुठं उतार, कुठं हवा धरणार, हे मी नुसतं रान बघून सांगतो. ह्यात बढाई न्हाई. हाय ते हाय.

गेल्या हिवाळ्यात आमची मंडळी अंगणापलीकडच्या संडासाला जाताना पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दौंडला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता खाली बसणं बंद. घरातच कमोड करून घ्या. ओट्यावरनं उतरून अंगण ओलांडायचं न्हाई. पुन्हा पडल्या तर अवघड होईल."

मी तिथंच सांगितलं, करतो. पण खाटेवरनं मंडळी म्हणाल्या, "घरात संडास? देवघराला भिंत लावून?"

"देवघराला न्हाई, माळवदाच्या खोलीत करू. मधी एक खोली राहते."

"मला वास आला ना, तर मी आपली काठी घेऊन भाईर जाईन. मग पडले तरी चालंल."

कुणाला वाटेल, रागानं बोलली. पण पन्नास वर्षं मी तिच्याबरोबर काढलीत. ती बोलली ते करते. म्हंजी न्हाणीघर नुसतं बांधून भागणार नव्हतं. त्याला वास येता कामा नये, न्हाईतर माझी बायको पुन्हा त्या अंगणात.

मुलगा कंपनीत शिफ्टला. घरात मी आन् सूनबाई. वरवंडचा एक प्लंबर बोलावला. मूळचा उत्तरेकडचा, पण इकडं इतकी वर्षं राहिलाय की अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं त्याचं एक तिसरंच काहीतरी झालंय. मला तो "आबाजी" म्हणायचा.

सामान आणायला मीच दौंडला गेलो. दुकानात मला कुणी शिकवायची गरज पडली न्हाई. पाइप वळवायचा तो एल्बो. एकाचे दोन करायचे ती टी. मोठ्या पाइपातनं बारक्यात उतरायचं तो रेड्युसर. दोन पाइप सरळ जोडायचे तो कपलर. हे सगळं माझ्या रानात पुरलेलं हाय. कपलर एकदा सोल्युशन लावून चिकटवला की कापावाच लागतो. युनियन मात्र पान्यानं उघडता येतो, म्हणून मोटारीपाशी कायम युनियन ठेवावा.

घरातली दोनतीन नावं तेवढी मला नवी निघाली. भिंतीतनं बाहेर येतो तो बारका नळ, अँगल कॉक. फ्लशची टाकी बिघडली तर तेवढंच पाणी बंद करायचं, सगळ्या घराचं न्हाई. शेतात प्रत्येक तुकड्याला आम्ही वेगळा वॉल, म्हंजी चावी, ठेवतो, तसंच हे. आन् गरम पाण्याला पांढरा पाइप चालत न्हाई, मऊ पडतो. त्याला पिवळसर सीपीव्हीसी लागतो. हे मला पटलं, मी घेतला.

पटलं न्हाई ते एकच. न्हाणीच्या जमिनीत पाणी जायला भोक असतं, त्याच्याखाली प्लंबर एक वाकडं, वाटीसारखं भांडं बसवायला लागला.

"हे काय?"

"नाणी ट्रॅप, आबाजी. इसमें थोडा पानी रुकता है."

"थांबतं? आरं, सांडपाणी थांबून कसं चालंल? केस अडकतील, साबण साठंल, किडं होतील. पाणी म्हंजी गेलं पायजे."

"नहीं आबाजी, रुकना मंगता. कमोड में भी तो रुकता है."

"कमोड कारखान्यातनं तसा येतो, त्याला माझा इलाज न्हाई. हितं सरळ पाइप टाक. उतार मी देतो."

तो सूनबाईकडं बघायला लागला. सूनबाई म्हणाली, "मामा, बसवू द्या की त्याला. त्याचं रोजचं काम हाय."

"माझं काय दर सहा महिन्याला असतं व्हय? भीमेचं पाणी मी टेकडीवर चढवलंय."

"व्हय मामा, पण तिथं कुणी अंघोळीला बसत न्हाई."

मी ऐकलं न्हाई. सरळ पाइप टाकायला लावला. बाहेरच्या संडासाची जुनी सेप्टिक टाकी होती, तिलाच लाइन जोडली. उतार असा दिला, की तांब्याभर पाणी ओतलं तर घसरगुंडीवरल्या पोरासारखं खाली.

आता आमची एक रीत सांगतो. पाइपलाइन टाकली की आम्ही चारी लगेच बुजवत न्हाई. सगळे जोड उघडे ठेवायचे, पाणी सोडायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं. जोड गळतोय का, पाइप उचलतोय का, बघायचं. मगच माती ओढायची. घाई करून बुजवणारा माणूस पुढं सगळं रान उकरतो. फरशीवाला दारात उभा होता, तरी मी त्याला परत पाठवला. प्लंबर हसला, "आबाजी, ये खेत नहीं है." म्हटलं, "जमीनच हाय ना? मग उघडं राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई पदर नाकाला लावून आली. "मामा, वास येतोय."

"सोल्युशनचा असंल."

"सोल्युशनचा वास मला ठावा हाय. हा टाकीचा हाय."

मी आत गेलो. टाकीचाच होता. पाइपाच्या तोंडाला हात धरला, तर तळहाताला गारगार झुळूक लागली. मी देवघरातली उदबत्ती पेटवून आणली आन् भोकापाशी धरली. धूर भोकातल्या वाऱ्यानं उडून माझ्या तोंडावर.

"संडासाची पूजा घालताय का काय?" सूनबाई म्हणाली.

तेवढ्यात दवाखान्यातनं मंडळींचा फोन. "उद्या सोडत्यात मला. झालं का तुमचं?"

"होत आलं."

"वास न्हाई ना?"

मी उदबत्तीकडं बघितलं. "तू ये," म्हटलं, "आल्यावर बघ." फोन ठेवला आन् तिथंच विटेवर बसलो.

नदीवर मोटार लावताना पाण्यातल्या पाइपाच्या बुडाला फुटवॉल असतो. मोटार बंद झाली तरी तो पाइपातलं पाणी खाली उतरू देत न्हाई. पाइप भरलेला राहतो, म्हणून हवा आत शिरत न्हाई. फुटवॉल गळका निघाला की पाइप रिकामा, आन् रिकाम्या पाइपात हवा घुसलीच. हे मी शेकडो माणसांना सांगितलंय. आन् इथं मी माझ्याच हातानं पाइप रिकामा ठेवला होता. माझा उतार इतका चांगला, की थेंबसुद्धा मागं राहिना. मग टाकीतल्या हवेला अडवणार कोण?

प्लंबरला फोन लावला. तो निमोण्याला दुसऱ्या कामावर होता. म्हटलं, "तुझं ते वाकडं भांडं घेऊन ये."

"ट्रॅप, आबाजी?"

"त्येच. न्हाणीचा फुटवॉल."

"फुटवॉल पानी खींचने का होता है."

"असू दे. काम एकच. पाणी उभं राहिलं की हवा भाईर. तू आधीच असं सांगितलं असतं तर?"

"मैं तो वही बोला था आबाजी, पानी रुकना मंगता."

"मंगता मंगता करून कुणाला कळतं व्हय? ये लवकर."

तो दुपारी आला. फरशी बसलेली नव्हती, सिमेंट नव्हतं, पाइप उघडाच. पाइप कापला, ट्रॅप बसवला, पुन्हा जोडला. काही फोडावं लागलं न्हाई. फरशी घातली असती तर नवी खोली उकरायची पाळी आली असती, आन् मंडळी धुळीत येऊन पडली असती. हे मी प्लंबरला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "हां आबाजी, खेत का कायदा अच्छा है." त्याच्याकडनं मी टाकीला एक उंच गॅस पाइपही लावून घेतला, छपराच्या वर काढून. टाकीतल्या हवेला जायला वाट पाहिजे. कोंडली की ती नको तिथनं तोंड काढते. लाइनीवर उंचवट्याला आम्ही एअरवॉल लावतो, तो ह्याचसाठी.

ट्रॅपमधी दोन तांबे पाणी ओतलं. उदबत्ती धरली. धूर सरळ उभा राहिला, दोऱ्यासारखा. संध्याकाळपर्यंत फरशीवाला काम उरकून गेला. सूनबाईनं सांगितलं, "मामा, आत्या गावाला गेल्या आन् न्हाणी वापरली न्हाई, तर आतलं पाणी वाळंल. तवा तांब्याभर ओतत जावं लागंल." मी म्हटलं, "मला ठावं हाय." खरं तर तिनं सांगितलं तवाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी आल्या. चार पायांचा वॉकर पुढं ढकलत, प्रत्येक पावलाला तोंडानं "विठ्ठल, विठ्ठल". न्हाणीच्या दारात थांबल्या. नाक वर करून हुंगलं. मी खांबाला टेकून दुसरीकडं बघत उभा.

"फिनेल ओतलंय का?"

"थेंब न्हाई."

"उदबत्तीचा वास येतोय."

सूनबाई पदरात हसली. मंडळींनी आधाराला भिंतीत बसवलेल्या कठड्याला हात घातला, ओढून बघितला, हलत न्हाई म्हणून खात्री केली. आत गेल्या. सूनबाई मागोमाग निघाली, तर आतनं आवाज आला, "तू कुठं? मला जमतंय." आन् कडी लागली.

आम्ही दोघं बाहेर. आधी काहीच ऐकू येईना. मग फ्लश वाजला. मग बादलीत नळाचं पाणी पडायला लागलं. महिन्यात पहिल्यांदा ती कुणाच्या हाताशिवाय अंघोळीला बसली होती.

"अहो," आतनं हाक आली, "गरम कुठला?"

"डावीकडचा."

"दोन्ही सारखंच दिसत्यात. म्हातारं माणूस भाजायचं एखादं."

"उद्या रंग लावतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रंगाचा डबा घेऊन न्हाणीत गेलो. डाव्या नळाच्या मुठीवर तिनं आपल्या कपाळाची लाल टिकली चिकटवून ठेवली होती.