मंदाची बोलायची वेळ

हीथ्रोहून कॉव्हेंट्रीच्या कोचमध्ये (लांब पल्ल्याच्या बसमध्ये) चढले तेव्हा दुपार होती. उतरले तेव्हा घड्याळात अजून दुपारच होती, पण बाहेर काळोख पडला होता. हिवाळ्यात इथला सूर्य नुसती हजेरी लावून पळतो. स्टँडवर माझी धाकटी बहीण मंदा छत्री सावरत उभी होती. मी लगेच सुरू झाले. विमानतळावर माझी म्हणून दुसऱ्याचीच बॅग कशी ओढत निघाले होते, विमानात शेजारचा माणूस किती घोरत होता. मला बोलायला फार लागतं. तिचे गाल बसलेले दिसले तेव्हा मात्र मधेच थबकले.

"किती वाळलीस गं!"

"चल ताई, बस येईल," एवढंच ती म्हणाली.

घरात तिचे यजमान सुधाकरराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची नोकरी सुटली. मंदाने वर्ध्याच्या शाळेत वर्षानुवर्षं लहान मुलांना शिकवलेलं. इथल्या एका नर्सरीने तिच्यासाठी जागा ठेवली होती, पण अट होती कॉलेजच्या इंग्रजी परीक्षेची. नोकरी लागली तर इथेच राहून उपचार चालू ठेवता येणार होते. नाहीतर चंबूगबाळं आवरून परत वर्धा.

दुसऱ्या दिवशी तिच्या इंग्रजीच्या वर्गात गेले. बाईंनी मला मागे बसू दिलं. ओल्या कोटांचा वास, गळकं छत, आणि देशोदेशीची माणसं एकमेकांना हवापाणी विचारत होती. मंदाचं इंग्रजी ऐकून मी चकित झाले. इतकी स्वच्छ बोलत होती! तिचा जोडीदार होता सीरियातला म्हातारा, हसनचाचा. बोलताना शब्दासाठी अडून बसायचा. परीक्षेत दोघांनी गप्पा मारायच्या होत्या. बोलायची संधी ज्याची त्याने साधायची.

"मॅन्डा, मधेच बोल त्यांच्या!" बाई दोनदा म्हणाल्या. मंदा नुसती हसली.

सुट्टीत हसनचाचाने डब्यातला खुब्झ (पोळीसारखा पातळ पाव) अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला. कँटीनच्या गिचक्या चिप्सपेक्षा तो शंभरपट बरा होता.

"बाई सांगताहेत तर बोलत का नाहीस?" मी तिला विचारलं.

"अगं, मोठ्या माणसाचं बोलणं कसं तोडायचं?"

आमच्या घरात तसंच होतं. मोठं माणूस बोलत असलं की लहानांनी ब्र काढायचा नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबले. मंदा खाली मान घालून आली. कोट अंगात घालू लागली.

"विषय होता 'माझं घर'," ती म्हणाली. "चाचा त्यांच्या पडलेल्या घराबद्दल सांगायला लागले. ताई, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सांगत होते. अडखळत होते गं. मी कशी मधे बोलू? मग टाइम संपला."

मला राग आला, रडूही आलं. निकालात चाचा पास झाला, मंदा नापास. पुढची परीक्षा उन्हाळ्यात होती. तोवर थांबायला नर्सरी तयार नव्हती. सुधाकररावांनी ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या घरात आठवडाभर कुणाला जेवण गेलं नाही.

निघायच्या दिवशी झिमझिम पाऊस होता. कोचची वाट बघताना मी मंदाला सगळं समजावलं. वर्ध्याला खोली बघते, ओळखीचे डॉक्टर आहेत, आपल्या दादाशी मी बोलते, तू नुसती सामान बांध.

"ताई, मला ना..." ती म्हणाली.

"थांब गं, आधी हे ऐक."

ती थांबली. कोच आला, माझी बॅग त्याच्या पोटात गेली, मी खिडकीशी जाऊन बसले. काचेपलीकडे मंदाचे ओठ हलत होते. मी कानाला हात लावून खूण केली, काही ऐकू येत नाही म्हणून. तिने मान हलवली आणि हात केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सबंध मुक्कामात मी तिला तिच्या मनातलं पुरतं बोलू दिलं नव्हतं.

नागपूरला घरी पोचल्यावर फोन केला. "बोल मंदा," म्हटलं आणि तोंड घट्ट मिटून बसले. पलीकडे सुधाकररावांचं खोकणं ऐकू आलं, मग तेही थांबलं.

"नाही गं ताई," ती म्हणाली, "तू बोल."