जिनातली शाळा

धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेला आमचं गाव आहे. तिथल्या काळ्या दगडी इमारतीत माझ्या आजोबांच्या वेळी कापसातली सरकी काढायचं जिन होतं. ते बंद पडल्यावर धान्याचं गोदाम झालं आणि नंतर आमची मुलींची शाळा. मी तिथे मुख्याध्यापिका होते. भिंतींच्या फटींत जुना कापूस अडकलेला असायचा. मुली तो ओढून वाती वळत बसायच्या नि माझ्या शिव्या खायच्या.

एका निवडणुकीत मतदानयंत्रं ठेवायला इमारत हवी होती. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबा म्हणाले, "बाई, तोवर हायवेपलीकडच्या शेडमध्ये वर्ग भरवा. पालकांना चिठ्ठी तुम्हीच लिहा. तुमची सही दिसली की कुणी कुरकुर करत नाही." खरंच होतं ते, आणि मला त्याचा केवढा तोरा! 'फक्त दोन महिने' असं लिहून खाली झोकात सही ठोकली.

यंत्रं वेळेवर गेली. आम्ही मात्र परत गेलोच नाही. आबांनी आधी रंग दिला, मग फरशी बसवली, मग दारावर मंगल कार्यालयाची पाटी लावली. मी भांडायला गेले, तर त्यांनी चहा पाजला. मी तो पिऊन घरी आले. याची मला आजही लाज वाटते.

शेडमध्ये गेलो तेव्हाच प्रश्न आला होता, मोठ्या मुलींना हायवे ओलांडून कोण पाठवणार? सातवीतल्या एका हुशार पोरीच्या वडिलांना मी घरी जाऊन विनवलं. ते माझ्या चिठ्ठीवर विसंबून हसत म्हणाले, "दोनच महिना शेतस ना बाई, मंग धाडसूत पोरले." पोरगी कापूस वेचायला जाऊ लागली. तिच्यामागून बाकीच्या गळत गेल्या. मी रोज हजेरी घेत होते आणि रोज मनातून खचत होते. शेवटी शेडमधली शाळाही बंद पडली.

यंदा त्याच पोरीचं लग्न त्याच कार्यालयात लागलं. वडील मला हाताला धरून आत घेऊन गेले. स्टेज होतं तिथे पूर्वी सातवीचा वर्ग भरायचा. तिकडे बोट दाखवून ते हळूच म्हणाले, "बाई, शेड तं बंद व्हयनी. आते शाळा आठेच भरी ना? धाकलीले तोवर घरच ठेवेल शे."

खरं सांगायचं म्हणजे चिठ्ठीपासून चहापर्यंत सगळंच सांगावं लागलं असतं.

"भरेल," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला, आणि ते पंगत वाढायला गेले.