चेटकिणीचे दात

धाकटी कवळ्या बनवायची. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, दिव्याखाली धरून पाहायचा, पटला नाही तर उपटून पुन्हा बसवायचा. हात सोन्यासारखा. पण संध्याकाळी लेकीला घ्यायला ताईच्या दारात उभी राहिली की याच हातांचं काय करावं ते तिला कळत नसे. पाच वर्षांची पोर मावशीच्या मांडीवरून उठायलाच तयार नसायची.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. एकटा जीव, घरीच शिवणकाम करायची. धाकटी कामावर असताना भाचीला सांभाळायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. धाकटीला राग यायचा तो याचाच. लहानपणापासून उंची ताईची, गळा ताईचा, कमरेपर्यंतची वेणी ताईची, आल्यागेल्याने केलेलं कौतुक ताईचं. धाकटीच्या वाट्याला ताईचे आखूड झालेले फ्रॉक. आणि आता पोटची पोरही? धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा.

पोरीला मावशी हवी असायची ती गोष्टींसाठी. गोष्टी काय, धाकटीही सांगायची. पण मुलांच्या मनावर परिणाम होतो असं कुणीसं सांगितलेलं तिने मनावर घेतलं होतं. तिच्या गोष्टीतला लांडगा सॉरी म्हणायचा आणि सगळे मिळून बिस्किटं खायचे.

"मग मेलं कोण?" लेक विचारायची.

"कुणी नाही. सगळे मित्र झाले."

"हॅ!" म्हणून पोर भिंतीकडे तोंड करायची.

त्या दिवशी धाकटी जरा लवकर सुटली. ताईचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मशीनचा आवाज आणि वर ताईचा.

"...आणि मग आली चेटकीण. कशी होती गं?"

"तिच्याकडे डबा होता," लेक म्हणाली. "डब्यात दात! खूप दात. आणि केस पांढरे, पिठासारखे."

"अगंबाई! आणि करते काय ती?"

"दिवसभर येतच नाही. आली की म्हणते, चल, चप्पल घाल."

धाकटीचा हात आपोआप केसांकडे गेला. बोटांना प्लास्टरची भुकटी लागली. आत चेटकिणीला विहिरीत ढकललं गेलं आणि पोर टाळ्या पिटत खिदळली.

धाकटी तरातरा आत शिरली. "वा ताई, वा! माझ्या पोरीला हे शिकवतेस? मी चेटकीण?"

ताईने मशीन थांबवलं. "राणी, गॅलरीतल्या कुंडीला पाणी घाल बघू." पोर गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "दात मी नाही दिले तिला. मी फक्त विचारते, चेटकीण कशी होती."

"म्हणजे ती माझा द्वेष करते."

"दिवसभर तुझी वाट बघते आणि तुझ्यावर चिडते. ते आईला कसं सांगणार? चेटकिणीला बुडवलं की मोकळी होते. मग आई उरते ना तिची!"

"तुला बरं कळतं सगळं! तुला मूल तरी आहे का?"

बोललेलं परत घेता येत नाही. ताईने सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"तू होतीस की," ती म्हणाली. "आई कामाला जायची तेव्हा तुला गोष्टी कोण सांगायचं? तुझ्या चेटकिणीला कमरेपर्यंत वेणी होती, धाकटे. कुणाची गं ती? रोज कापायला लावायचीस. मी कापायचे. मुकाट्याने."

धाकटीला ते आठवलं. वेणी कापल्यावर आपण किती गाढ झोपायचो तेही आठवलं. तिने पोरीच्या चपला शोधल्या.

रस्त्यात पोर म्हणाली, "आई, गोष्ट."

धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. "एक होती चेटकीण. गळ्यात मोजायची टेप, तोंडात टाचण्या—"

"ती मावशी आहे! चेटकिणीला दात."

"बरं. डबाभर दात. केस पिठासारखे." मग खोल विहीर आली, धाकटीने कठड्यावरून चेटकिणीला ढकललं आणि तोंडाने डुबुक् असा आवाजही काढला.

"बुडाली?"

"पार तळाला."

पोरीने विचार केला. "मावशी जास्त जोरात ढकलते."

धाकटीचा पुन्हा जळफळाट झाला. जास्त जोरात? माझ्याच चेटकिणीला? पदर खोचून ती भर फुटपाथवर थांबली, चेटकिणीला केसांना धरून विहिरीतून वर ओढलं, गरगर फिरवलं आणि "मर मेले!" म्हणून असं भिरकावलं की समोरून येणारा माणूस बाजूला झाला.

लेकीने तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अजून!" ती म्हणाली.