तळातले टोमॅटो

भाजी घेताना माझा हात आधी ढिगाच्या तळाशी जातो. वरचे टोमॅटो दाखवायला मांडलेले असतात. माल कळतो तो खालून. कृष्णपुऱ्याजवळचा आमचा नेहमीचा भाजीवाला मला लांबून पाहिलं की ओरडायचा, "आ गए इंस्पेक्टर साब! भिया, पूरा ठेला मत उलट देना."

नोकरीतही माझं हेच काम होतं. इंदूरबाहेरच्या आमच्या कारखान्यात प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात. आत वाफ फार वाढली की या व्हॉल्व्हने उघडायचं. नाही उघडला तर कुकर फुटतो. प्रत्येक लॉटमधले थोडे नग मी यंत्रावर दाब देऊन तपासायचो आणि लॉट पास करायचो. सगळे नग तपासणं शक्य नसतं, म्हणून ते उचलले कुठून याला महत्त्व. मी एक खोकं वरचं, एक मधलं, एक तळातलं फोडत असे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत कुणी वेचून हातात ठेवलेलं नसावं.

मग ऑर्डरी वाढल्या आणि पुण्याहून नवे मॅनेजर आले. वयाने लहान, बोलायला गोड. एका सकाळी माझ्या टेबलावर ट्रेमध्ये नग आयतेच मांडलेले.

"काका, सॅम्पल काढून ठेवलंय. खोकी फोडण्यात तुमची अर्धी सकाळ जाते."

"कुणी काढलं?"

"प्रॉडक्शनने. आपलेच लोक आहेत की."

म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनीच निवडलं. हे बरोबर नाही, असं मी सांगितलं. लिहून द्या म्हणाले, लिहूनही दिलं. ट्रे येत राहिला. त्यातला प्रत्येक नग पास व्हायचा आणि सही माझी असायची.

काम निम्मं झालं होतं, तरी मी जास्त थकायला लागलो. रविवारी दुपारी झोपलो की उठवत नसे. घरात कुकरची शिट्टी झाली की छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी रक्त, साखर, थायरॉइड सगळं तपासलं. तेही सगळं पास.

एकदा बायकोबरोबर भाजीला गेलो होतो. भाजीवाला हाताला येतील ते टोमॅटो भरत गेला आणि मी पिशवी धरून उभा राहिलो. शेवटी तो स्वतःच थांबला. "भिया, तबियत तो ठीक है ना?"

परतताना बायको म्हणाली, "अहो, तो दबलेले टोमॅटो भरत होता अन् तुम्ही बस देखत उभे! झालंय तरी काय?"

तिथेच रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून मी तिला ट्रेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कुकर घेणार कोण? आपल्यासारखेच ना?"

"नोकरी गेली तर? मुलीचं कॉलेज आहे."

"ते बघू. पण तुमचं हे असं झालेलं भूत घरात किती दिवस सांभाळू मी?"

सोमवारी मी ट्रे बाजूला सारला, गोदामात गेलो आणि तळातलं खोकं फोडलं. त्यातले काही व्हॉल्व्ह यंत्रावर दाब देऊनही उघडलेच नाहीत. मी लॉट अडवला.

मॅनेजर आले. "काका, तुम्हाला शेवटी पॉइंट प्रूव्ह करायचाच होता ना?"

"व्हॉल्व्ह उघडावेत, एवढंच मला हवं होतं," मी म्हणालो.

तो लॉट गेला नाही. मात्र महिना संपायच्या आत माझी बदली गोदामात झाली. आता मी आलेला कच्चा माल उतरवून घेतो. यंत्रापुढे दुसरा माणूस बसतो. त्याला मी एवढंच सांगितलं, की तळातलं खोकं काढायला मी मदत करीन. अजून तरी त्याने बोलावलेलं नाही. त्यामुळे मी जिंकलो असं काही म्हणणार नाही. माझी सही मात्र आता त्या कागदावर नसते, आणि रविवारी मी जागा असतो.

परवा भाजीवाल्याकडे हात आपोआप खाली गेला. "लो, लौट आए इंस्पेक्टर साब," तो म्हणाला. तळातले दोन मऊ निघाले. ते त्याच्या हातात परत दिले.