बाद झालेल्यांची मांडी

आमच्या गल्लीत आईला सगळे टाळीबाई म्हणत. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवून, फरशीवर खडूने मोठं रिंगण काढून ती लहान मुलांना स्पॅनिश शिकवायची. पुस्तक नाही, फळा नाही. टाळ्या, एक चेंडू आणि तिने स्वतः जुळवलेली गाणी. ‘सोल आला, ऊठ ना, लूना आली, झोप ना.’ झाले सूर्य आणि चंद्र पाठ! पालक तिच्यावर जाम खूश होते. मी नव्हते.

मीही त्याच रिंगणात बसायचे, पण तिथे तिला आई म्हणायला बंदी होती. “वर्गात मी बाई,” ती बजावायची. ठीक आहे, बाई तर बाई. माझं खरं दुखणं वेगळंच होतं. चेंडू ज्याच्या हातात येईल त्याने ती विचारेल तो शब्द सांगायचा. चुकला की बाद. बाद झालेल्याला रडू येऊ नये म्हणून स्टुलावर बसलेली आई त्याला मांडीवर घ्यायची आणि बरोबर शब्द हळूच कानात सांगायची. पुढचा भिडू बाद होईपर्यंत मांडी त्याची.

मला सगळं यायचं. येणारच; प्रत्येक गाणं आधी माझ्यावरच करून पाहिलेलं. त्यामुळे मी कधी बाद व्हायचे नाही, आणि मांडी मिळायची समोरच्या शिंपीणबाईंच्या बोबडीला. तिला धड मराठी बोलता येत नव्हतं, स्पॅनिश कुठून येणार? चुकायची, दुडुदुडु जाऊन आईच्या मांडीत बसायची, वर तिच्या वेणीशी खेळायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेलं की आईचा घसा बसलेला असायचा. मग मला जेवायला बोलावणं, अभ्यासाला बस म्हणणं, सगळं हाताच्या खुणांनी. गोड बोलणं त्या कार्ट्यांवर उधळून झालेलं.

एकदा चेंडू माझ्याकडे आला.

“रात्री आकाशात कोण येतं?” आईने विचारलं.

“सोल,” मी म्हणाले.

पोरं खिदळली.

“नीट आठव. तुला येतं.”

“सोल!”

“अगं, काल तूच हिला शिकवलंस ना?” मांडीवरच्या बोबडीच्या डोक्यावरून हात फिरवत आई म्हणाली. “मुद्दाम चुकतेस का?”

“हो! मला बाद कर ना गं, आई!”

आता ओरडणार, असं वाटलं. पण तिने बोबडीला खाली उतरवलं आणि हात पुढे केले. मी मांडीवर बसले तर माझे पाय जमिनीला टेकत होते. “लूना,” ती माझ्या कानात म्हणाली, आणि मग बराच वेळ मला नुसतं घट्ट धरून बसली.

खेळ पुन्हा सुरू झाला. बोबडी लगेच बाद झाली आणि हक्काने समोर येऊन उभी राहिली.

“उतर आता, तिची पाळी,” आई म्हणाली.

मी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि उतरलेच नाही. बोबडीने भोकाड पसरलं. इतकं बरं मला त्या खोलीत कधीच वाटलं नव्हतं.