सकाळी किंचाळणारी गाडी

दोन हजार सात-आठच्या सुमाराचा हिवाळा. माझी गाडी रोज सकाळी किंचाळायची आणि त्याचा जाब अख्खं गाव मला विचारायचं. किल्ली फिरवली की बॉनेटखालून असा चिरका आवाज निघायचा की समोरच्या घरातले गृहस्थ तोंडात ब्रश धरूनच दारात यायचे. "काऊन जी मॅडम, सकारीच डुक्कर धरून राहिल्या काय?" रोज तोच विनोद, आणि रोज त्यांना त्याचं नव्याने हसू यायचं.

आम्ही नवेगाव बांधला राहायचो, घरात मी आणि सासरे. माझी शाळा तिथून वीस किलोमीटरवर, रस्ता सगळा जंगलातला. आठ वर्षं मी काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या फळीवर, कोणाची तरी कोंबड्यांची टोपली गुडघ्यांवर घेऊन शाळेत गेले. मग पगारातून साठवून गाडी घेतली. जुनी होती, पण माझी होती, आणि चालवायला मी स्वतः शिकले. नवरा गोंदियाला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. त्याला ती गाडी पहिल्या दिवसापासून खुपत होती. आवाज सुरू झाल्यावर त्याला आयतंच निमित्त मिळालं. "तुझ्या हातानं बिघडली. संक्रांतीपर्यंत आवाज थांबला नाही, तर मी गिऱ्हाईक आणतो," असं त्याने जाहीर करून टाकलं. गाडी माझी, पैसे माझे, आणि गिऱ्हाईक हा आणणार! मी विचारलं, "कागदावर सही कोणाची लागेल?" तर म्हणाला, "घरात भांडण नको." आमच्याकडे 'घरात भांडण नको' म्हटलं की बाईने सही करायची असते.

गावात मिस्त्री एकच. तो आधी म्हणाला, सेल्फ गेला, तुम्ही किल्ली फार वेळ धरून ठेवता. सेल्फ दुरुस्त केला, आवाज तसाच. मग म्हणाला, तुम्ही क्लचवर पाय ठेवून बसत असाल. मी गाडी त्याच्या दारात नेईपर्यंत ती गरम होऊन गप्प झालेली असायची आणि तो हात पुसत विचारायचा, "कुठी आहे आवाज? थंडी असते तवा आना न मॅडम." थंड गाडी चालवत आणली की ती गरम होणारच, हे या माणसाला कोणी सांगायचं? घरी येऊन ऐका म्हटलं, तर त्याला वेळ नव्हता.

शेवटी मीच कान लावला. शाळेच्या एका जुन्या वहीत रोजचं लिहून ठेवायला लागले. तळ्यावरून धुकं आलेलं असलं, सगळं दवाने भिजलेलं असलं, की आवाज जास्त. हेडलाईट लावले की आणखी जास्त. पाच-सात मिनिटांनी बंद, आणि दुपारी शाळा सुटल्यावर गाडी एकदम शहाणी. एक दिवस इंजिन चालू ठेवून त्याच्या पुढे फिरणाऱ्या पट्ट्यावर लोट्याने थोडं पाणी टाकलं, तर ती दुप्पट ओरडली. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलं होतं की पट्टा ज्या दोन चाकांवर फिरतो त्यांच्या मधे तो अंगठ्याने दाबला तर बोटभर खाली जावा. माझा तीन बोटं जात होता. सेल्फ नाही, क्लच नाही, माझा हात नाही आणि माझा पायही नाही! पट्टा सैल होऊन घसरत होता, बस.

मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, हे शाळा नोहे." मी दुकानातून हललेच नाही. नवा पट्टा पडेपर्यंत त्याच्या स्टुलावर ठाण मांडून बसले.

चार दिवस गाडी इतकी शांत सुरू झाली की मला समोरच्या गृहस्थांची कीव आली. पाचव्या दिवशी बारीक चूं ऐकू आलं. आणि आठवड्यात असा आवाज सुरू झाला की आधीचा बरा म्हणावा. आता तर गरम झाल्यावरही थांबेना. माझं डोकं फिरलं. यानं कोणाचा तरी जुना पट्टा पुसून नवा म्हणून लावला, दुसरं काय! शुक्रवारी शाळेतून येताना मी थेट दुकानात गेले आणि चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं. तो लालबुंद झाला.

दुसऱ्या दिवशी पट्टा नीट बघावा म्हणून उजाडताच अंगणात आले, तर बॉनेट आधीच उघडं. कानाला मफलर गुंडाळून माझे सासरे आत वाकले होते. हातातला राळेचा खडा ते पट्ट्यावर घासत होते.

"मामाजी, काय करून राहिले?"

"पट्टा सरकून राहिला ना वं बाई. राळ लावलो का धरते. मिलमंदी चाळीस वर्स हेच केलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा गाडी इकून टाकन म्हनते."

मामाजी राइस मिलचे इंजिनवाले. तिथला हातभर रुंद सपाट पट्टा घसरायला लागला की त्याला राळ चोळतात, आणि पाच गावच्या मिलवाले पट्ट्याचं काही अडलं की त्यांनाच बोलवायचे. पण गाडीचा पट्टा रबराचा, खाचेत बसून फिरणारा. त्याला राळ लागली की तो चिकटतो आणि बोंबलतो. पहिलं चूं ऐकल्यापासून ते रोज पहाटे राळ लावत होते. मी रविवारी त्यांना या गाडीतून इटियाडोह धरणाकडे त्यांच्या बहिणीच्या गावी न्यायची. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला सांगू. पण मी त्यांच्या हातातून खडा घेतला आणि बॉनेट लावलं.

शनिवारची शाळा सकाळची होती. ती आटोपून गाडी मिस्त्रीकडे नेली. मामाजी हट्टाने सोबत आले आणि पुढच्या सीटवर बसून राहिले. मिस्त्रीने पट्टा काढला, बोटं चिकटली तसा वास घेतला.

"राळ! कोन शहान्यानं लावलन जी हे?"

टपरीवरचे सगळे उठून आले. मामाजी काचेतून सरळ समोर बघत होते. हा माणूस आता हसला असता आणि संध्याकाळपर्यंत पाचही गावं हसली असती.

"मी लावली," मी म्हटलं.

मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं. कालच्या शब्दाबद्दल मला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली, तेव्हा कुठे दुसरा पट्टा पडला. नवा पट्टा आठवड्याने पुन्हा ताणून घ्यावा लागतो, हे त्याने मला सांगितलंच नव्हतं, आणि त्या पहिल्या चूंचं कारण तेच होतं. पण ते बोलायला मला आता तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला तो बसस्टँडवरच सगळं ऐकून. जेवायला बसल्या बसल्या म्हणाला, "राळ लावली म्हणे पट्ट्याला! पटलं ना आता? सोमवारी गिऱ्हाईक येईल."

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "राळ म्या लावलो," ते म्हणाले.

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो मोकळा हसला. "बाबूजी, तुम्ही? अहो, मिलची सवय, दुसरं काय! होतं असं." आणि त्याने वाटी माझ्यापुढे केली, वरण वाढ म्हणून. गिऱ्हाइकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी नाही, संक्रांतीलाही नाही.

गाडी पुढे बरीच वर्षं माझ्याकडे होती. पण ते 'होतं असं' ऐकूनही त्या संध्याकाळी मी मुकाट्याने वरण वाढलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.