अर्ध्या चढावरचे पाणी

उजव्या डोळ्याने मला लहानपणापासून जेमतेम उजेडच कळतो. डावा डोळा पहिल्यांदा दुखून अंधुक झाला, तेव्हा डॉक्टरांनी मज्जातंतूंवरचे आवरण झिजण्याचा आजार सांगितला. औषधांनी दृष्टी परतली, पण माझा धीर परतला नाही. यजमानांची बँकेतली बदली होऊन आम्हाला जयपूरला जेमतेम वर्ष झाले होते. गोळ्यांच्या वेळा, तपासण्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सगळे मी वहीत लिहीत असे. त्याच वहीत नवसही लिहिला: अकरा संकष्ट्या निर्जळी करून दर खेपेला शहराजवळच्या टेकडीवरच्या गणपतीला पायी जायचे.

वैशाखातल्या संकष्टीला घरचे आवरून निघेपर्यंत अकरा वाजले. "देव काय हजेरी मांडतो?" यजमान म्हणाले. मी ऐकले नाही. अर्ध्या पायऱ्या चढले आणि डाव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. पुढच्या माणसाचे लाल पागोटे मातकट दिसू लागले, मग दिसेनासेच झाले. पायरी कुठे संपते ते कळेना. आता हा डोळा कायमचा गेला, या भीतीने मी कठडा धरून मटकन बसले.

शेजारीच पाणपोई होती. "बाईसा, पानी पी लो," तिथली म्हातारी म्हणाली.

"माँजी, मेरा निर्जल व्रत है."

"व्रत गले का है, माथे का थोड़ी!" म्हणत तिने माठातले गार पाणी सरळ माझ्या डोक्यावर ओतले. मला सावलीत ओढले, ओले फडके मानेवर ठेवले. "अब बैठी रहो. गणेशजी कहीं भागे नहीं जा रहे."

मी बसून राहिले. 'गणराया, आता तूच बघ,' एवढेच मनात आले. पुढे काय करायचे ते प्रथमच मी ठरवत नव्हते. अर्ध्याएक तासाने पायरीची कड उमटली, मग म्हातारीच्या हातातली चांदीची कडी आणि तिचे मिस्कील हसू. मला रडू फुटले. मी ओंजळ पुढे केली, पोटभर पाणी प्याले आणि तिथूनच कळसाला हात जोडून खाली उतरले.

अंग तापले की झिजलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत, थंडावले की पुन्हा दिसू लागते, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. नवी इजा नव्हती. मला ते पटले. पण त्या म्हातारीला यातले काय ठाऊक होते?

उरलेल्या संकष्ट्या मी घरीच, कूलरसमोर बसून, पाणी पीत केल्या. तो चढ देवाने मागितलाच नव्हता, मीच त्याच्या नावाने स्वतःवर लादला होता. आता सकाळी डोळे उघडताना छातीत धडधडत नाही. जेवढे दिसते तेवढ्याला हात जोडते आणि चहा ठेवते.